आर्टिस्ट व्हिलेज (बेलापूर)

आर्टिस्ट व्हिलेज हा नवी मुंबईतील सीबीडी बेलापूर या उपनगरात, सेक्टर ८ बी येथे असलेला कमी उंचीच्या घरांचा गृहप्रकल्प आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तो शहर व औद्योगिक विकास महामंडळासाठी (सिडको) आखला. त्याचे बांधकाम १९८३ ते १९८६ या काळात झाले. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत तो 'बेलापूर गृहप्रकल्प' या नावाने ओळखला जातो. नावावरून ही केवळ कलावंतांची वसाहत असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या उत्पन्न गटांतील कुटुंबांसाठी उभारण्यात आली.

सुमारे ६ हेक्टर क्षेत्रावर लहान, स्वतंत्र आणि गरजेप्रमाणे वाढवता येतील अशी घरे सामाईक अंगणांभोवती मांडणे, हे या प्रकल्पाचे मुख्य वैशिष्ट्य होय. उंच इमारती न बांधताही दर हेक्टरी सुमारे ५०० व्यक्तींची वस्ती सामावता येते, हे त्यातून दाखवण्यात आले. रहिवाशांनी पुढे घरांत मोठे फेरफार केले असून मूळ स्वरूपातील घरे आता थोडीच उरली आहेत. त्यामुळे वाढण्यासाठीच आखलेल्या वसाहतीत नेमके काय जतन करावे, हा प्रश्न या प्रकल्पाच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला आहे.

पार्श्वभूमी

मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबट आणि अरुंद असल्याने शहराची वाढ उत्तरेकडेच होत राहिली, तर नोकऱ्या व कार्यालये दक्षिण टोकाला एकवटली. त्यामुळे लोकलगाड्यांवरील ताण आणि जागांच्या किमती दोन्ही वाढत गेल्या. खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर नवे शहर वसवून ही वाढ पूर्वेकडे वळवावी, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी मांडला. १९६५ साली तो 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्र शासनाने ही कल्पना स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिच्याकडे नव्या शहराच्या विकासाचे काम सोपवण्यात आले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे नव्या शहराच्या हद्दीत आली. खाडीवरील वाशीचा पूल, शासकीय कार्यालयांचे स्थलांतर, औद्योगिक पट्टा आणि उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील नियोजित बंदर हे या शहराचे प्रमुख आधार मानले गेले. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच्या आधीच्या दशकात बेलापूर हे शहराचे मध्यवर्ती व्यापारी केंद्र म्हणून आखले जात होते. आर्टिस्ट व्हिलेज या केंद्रापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे.

नव्या शहरासाठी मोठ्या प्रमाणावर शेतजमिनी, मिठागरे व गावांची जमीन संपादित झाली. भूमिपुत्रांना मिळालेल्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तीव्र आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना याच संघर्षातून पुढे आली. बेलापूरची ही घरे बांधली जात होती तो काळ हाच होता. म्हणून या शहरातील कोणत्याही गृहप्रकल्पाचा विचार करताना घर कोणाला मिळाले याबरोबरच जमीन कोणाची गेली, हेही ध्यानात घ्यावे लागते.

वास्तुविशारद

चार्ल्स कोरिया (१ सप्टेंबर १९३० – १६ जून २०१५) यांचा जन्म सिकंदराबाद येथे झाला. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्यानंतर त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. अहमदाबाद येथील साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन, मध्य प्रदेश विधान भवन आणि जयपूरचे जवाहर कला केंद्र या त्यांच्या प्रसिद्ध वास्तू आहेत. सिडकोच्या सुरुवातीच्या वर्षांत ते नव्या शहराचे मुख्य वास्तुविशारद होते. १९८४ साली त्यांना ब्रिटनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. भारत सरकारने १९७२ मध्ये पद्मश्री आणि २००६ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

दक्षिण मुंबईतील २८ मजली कांचनजंगा ही उच्च उत्पन्न गटासाठीची इमारतही कोरियांचीच असून ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी बेलापूरचे काम सुरू झाले. दोन्ही कामांत मोकळ्या आकाशाखालची जागा हा समान धागा आहे. कांचनजंगात ती कोपऱ्यातील दुमजली उंचीच्या गच्च्यांच्या रूपाने येते, तर बेलापूरला जमिनीवरच्या अंगणाच्या रूपाने.

मांडणी

अंगणांची उतरंड

प्रकल्पाच्या आराखड्याचा मूळ घटक सात घरांचा समूह हा आहे. ही सात घरे सुमारे ८ मीटर × ८ मीटर मापाच्या एका अंगणाभोवती असतात. असे तीन समूह एकत्र येऊन २१ घरांचा गट होतो व त्याच्या मध्यभागी सुमारे १२ मीटर × १२ मीटरचे मोठे अंगण असते. असे तीन गट मिळून पुढची पायरी तयार होते आणि त्यांच्यामध्ये सुमारे २० मीटर × २० मीटरची मोकळी जागा येते. ही चढती भाजणी शाळा व इतर सार्वजनिक सोयी असलेल्या परिसरापर्यंत जाते. वसाहतीच्या मधून एक लहान ओढा वाहतो. पावसाळ्यात साचणारे पाणी वाहून नेण्याचे काम तो करतो आणि त्याच्या काठची जागा संपूर्ण वसाहतीची सामाईक मोकळी जागा ठरते.

घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत जाताना माणूस खाजगी जागेतून क्रमाक्रमाने सार्वजनिक जागेकडे जातो. लहान अंगण सात कुटुंबांच्या नजरेसमोर असते, त्यामुळे लहान मुलांना तेथे निर्धास्तपणे खेळता येते. मधले अंगण शेजाऱ्यांच्या गाठीभेटींचे, तर मोठे अंगण सणासमारंभांचे ठिकाण होऊ शकते. महाराष्ट्रातील वाड्यात चौक घराच्या पोटात असतो आणि भोवतीच्या सोप्यांतून एकाच कुटुंबाचा वावर असतो. बेलापुरात तोच चौक घराबाहेर येऊन अनेक कुटुंबांमध्ये वाटला गेला आहे, असे या मांडणीचे वर्णन करता येईल.

मोकळ्या जागेचे गणित

वरील मापांवरून ६३ घरांच्या एका गटाचा हिशोब मांडता येतो. त्यात ६४ चौरस मीटरची ९ लहान अंगणे, १४४ चौरस मीटरची ३ मधली अंगणे आणि ४०० चौरस मीटरचे एक मोठे अंगण येते. त्यांची बेरीज १,४०८ चौरस मीटर होते. म्हणजे प्रत्येक घरामागे सुमारे २२ चौरस मीटर सामाईक अंगण पडते. सर्वांत लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आहे. त्यावर राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्या भूखंडाच्या जवळजवळ निम्मी जागा दाराबाहेर वापरायला मिळते. उष्ण व दमट हवेच्या कोकण किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ स्वयंपाकाची पूर्वतयारी, वाळवण, मुलांचा अभ्यास, रात्रीचे बोलत बसणे अशी कामे उघड्यावर होऊ शकतात. त्यामुळे ही जागा लहान घराला जोडलेल्या खोलीसारखी उपयोगी पडते. मुसळधार पावसाच्या चार महिन्यांत मात्र तिचा उपयोग मर्यादित राहतो.

घरांची रचना

प्रत्येक घर स्वतःच्या स्वतंत्र भूखंडावर उभे आहे. शेजारच्या घराशी त्याची भिंत सामाईक नाही. आराखड्यातील हा निर्णय सर्वांत परिणामकारक ठरला. भिंत सामाईक असली तर एका कुटुंबाने केलेला फेरफार दुसऱ्याच्या घराला बाधतो आणि परवानगी, वाद, खर्च यांत वाढ अडकून पडते. स्वतंत्र भिंतींमुळे एखादे कुटुंब शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवू शकते किंवा वर मजला चढवू शकते. खर्च वाचवण्यासाठी शेजारच्या घरांची शौचालये मात्र जोडीने, एकमेकांलगत ठेवण्यात आली, जेणेकरून पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या कमी लागाव्यात.

मूळ घरे एक किंवा दोन मजल्यांची, चुन्याच्या पांढऱ्या रंगाच्या भिंतींची आणि उतरत्या कौलारू छपरांची होती. बांधकामाची पद्धत मुद्दाम साधी ठेवण्यात आली. गवंडी व सुतार यांना आपल्या नेहमीच्या कौशल्यावर ही घरे बांधता यावीत आणि पुढे त्यांत बदलही करता यावेत, हा त्यामागील हेतू होता. सर्वांत लहान घर म्हणजे एखादी खोली, शौचालय व आवार एवढेच असे. मोठ्या घरात जिना व वरच्या मजल्यावरील खोल्या असत.

भूखंडांची मापे ४५ ते सुमारे ७५ चौरस मीटर अशी होती. घरांच्या किमती मात्र त्या वेळी सुमारे २०,००० रुपयांपासून १,८०,००० रुपयांपर्यंत आखण्यात आल्या होत्या. म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग घराच्या किमतीत नऊ पटींचे अंतर असले, तरी त्यांच्या जमिनीत दुपटीहून कमी अंतर होते. हा फरक बांधकामाच्या आकारातून व सोयींतून येत होता. गरीब कुटुंबाने आज एक खोली घेतली, तरी उद्या शेजाऱ्याएवढे घर बांधण्याइतकी जमीन त्याच्याकडे राहावी, असा या मांडणीचा अर्थ होतो.

वैचारिक आधार

कोरिया यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द न्यू लँडस्केप' या पुस्तकात विकसनशील देशांतील नागरी घरबांधणीची काही तत्त्वे सांगितली आहेत. घर टप्प्याटप्प्याने वाढू शकणे, आकाशाखालच्या मोकळ्या जागेला घराचा भाग मानणे, जमिनीचे न्याय्य वाटप, रहिवाशांचा सहभाग, विविधतेला वाव आणि घरबांधणीतून स्थानिकांना रोजगार ही त्यांपैकी प्रमुख होत. बेलापूर हा या तत्त्वांचा प्रत्यक्ष नमुना मानला जातो.

त्यामागील युक्तिवाद मुख्यतः आर्थिक आहे. उंच इमारतीला पोलाद व सिमेंट अधिक लागते, उद्वाहक व पाणी चढवण्याचे पंप लागतात आणि ती मोठा कंत्राटदारच बांधू शकतो. एकदा बांधलेली सदनिका वाढत नाही. कमी उंचीचे घर स्थानिक कारागीर स्थानिक साहित्याने बांधू शकतात, त्यामुळे त्यावरील खर्च त्याच परिसरात फिरतो. कमी उंचीच्या घरांना जमीन फार लागते, हा यावरील नेहमीचा आक्षेप. इमारती उंच झाल्या तरी शाळा, रस्ते, मैदाने यांना लागणारी जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राहतेच. त्यामुळे शहराच्या एकूण क्षेत्रात होणारी बचत वाटते तेवढी नसते, असे कोरियांचे उत्तर होते. जमिनीच्या किमती अतिशय चढलेल्या शहरात हा युक्तिवाद कितपत टिकतो, याविषयी मतभेद आहेत.

तत्सम प्रकल्प

कोरियांनी यापूर्वी अहमदाबाद येथे १९६१-६२ मध्ये 'ट्यूब हाऊस' नावाचे अरुंद, वायुवीजनासाठी तिरप्या छपराचे स्वस्त घर बांधले होते. ते १९९५ मध्ये पाडण्यात आले. पेरूची राजधानी लिमा येथील 'प्रेवी' या प्रायोगिक वसाहतीच्या आराखड्यातही त्यांचा सहभाग होता. तेथेही घरे वाढवता येण्याजोगी होती.

पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळ आखलेली अरण्य वसाहत हे वाढत्या घरांचे दुसरे प्रसिद्ध भारतीय उदाहरण आहे. तेथे अनेक कुटुंबांना जोते, शौचालय व मूलभूत सोयी देऊन पुढचे घर त्यांच्यावर सोपवण्यात आले. या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान वास्तुशास्त्र पुरस्कार मिळाला. चिलीमधील वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना यांच्या संस्थेने इकीके शहरात अर्धे घर बांधून उरलेले अर्धे रहिवाशांसाठी मोकळे ठेवण्याचा प्रयोग केला. अरण्यात जोते आणि इकीकेत अर्धे घर देण्यात आले. बेलापुरात लहान पण पूर्ण घर आणि त्याभोवतीची जमीन देण्यात आली.

कालांतराने झालेले बदल

वसाहत उभी राहिली तेव्हा बेलापूर विरळ वस्तीचे होते. १९९२ मध्ये मानखुर्द–वाशी रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या वर्षी लोकलगाडी बेलापूरपर्यंत आली. शहरात नोकऱ्या आणि वस्ती वाढली, तशा जागांच्या किमतीही चढल्या. वसाहतीतील कुटुंबांची मिळकत वाढली, काही घरांचे हस्तांतर झाले. अनेकांनी कौलारू छप्पर काढून सपाट गच्ची घातली, मजले चढवले. काहींनी जुने घर पूर्ण पाडून काँक्रीटचे नवे घर बांधले.

घर वाढवता यावे हाच मूळ हेतू असल्याने बदल होणे अपेक्षितच होते. मात्र बदलाची पद्धत अपेक्षेपेक्षा वेगळी ठरली. आराखड्यात खोलीला खोली जोडून हळूहळू होणारी वाढ गृहीत धरलेली होती. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जुन्या घराच्या जागी एकदम नवे घर आले. भूखंड लहान असल्याने नवी घरे सीमेपर्यंत पसरली व उंच झाली. त्यामुळे घरालगतचे खाजगी आवार कमी झाले आणि शेजारच्या घरांना मिळणारा वारा व उजेड यांवरही परिणाम झाला. मूळ आराखडा पायी चालणाऱ्यांसाठी होता. वाहनांची संख्या वाढल्यावर अंगणांचा काही भाग ती उभी करण्यासाठी वापरला जाऊ लागला.

घरे बदलली तरी अंगणांची मांडणी बऱ्याच अंशी टिकून आहे. भूखंडांच्या सीमा ठरलेल्या असल्याने आणि अंगण कोणा एकाच्या मालकीचे नसल्याने त्यावर बांधकाम करणे अवघड राहिले. इमारतीपेक्षा जमिनीची वाटणी अधिक काळ टिकते, हे अनेक जुन्या शहरांबाबत दिसून आले आहे. बेलापुरात ते जेमतेम चार दशकांतच दिसते.

जतनाचा प्रश्न

आधुनिक वास्तुविशारदांची लहान घरे जगात अनेक ठिकाणी वारसा म्हणून जपली जातात. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठावर कोर्सो या गावी ल कॉर्ब्युझिये यांनी १९२३-२४ मध्ये आपल्या आईवडिलांसाठी बांधलेले 'व्हिला ल लाक' हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे ६० चौरस मीटरच्या या एकमजली घराला सरोवराकडे उघडणारी ११ मीटर लांबीची सलग खिडकी आहे. त्यांची आई १९६० पर्यंत तेथे राहत होती. आज ते संग्रहालय आहे. २०१६ मध्ये सात देशांतील ल कॉर्ब्युझिये यांच्या १७ कामांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत हे घर आणि चंडीगढचे कॅपिटॉल संकुल ही दोन्ही आहेत.

आकाराने बेलापूरचे घर या घराच्या जवळपासचे आहे, परंतु दोघांचे स्वरूप भिन्न आहे. सरोवरकाठचे घर एका विशिष्ट कुटुंबासाठी, एका विशिष्ट दृश्यासमोर बांधलेली एकच वास्तू आहे. तिची खिडकी, भिंत आणि बाग जशीच्या तशी ठेवणे म्हणजे तिचे जतन. बेलापूरचे घर अपरिचित कुटुंबांसाठी, पुढे बदलले जाईल हे धरून बांधलेले आहे. ते गोठवून ठेवले तर वास्तुविशारदाचा हेतूच बाजूला पडतो आणि वाढत्या कुटुंबाचा त्यावरील हक्कही नाकारला जातो. दुसऱ्या बाजूने, कोणतेच बंधन नसले तर मूळ कल्पना समजून घेण्यासाठी एकही घर शिल्लक राहणार नाही.

यातून जतनाचे तीन स्तर संभवतात. पहिला स्तर मूळ घरांचा आहे. उरलेल्यांपैकी काहींची रेखाटने व छायाचित्रे यांसह नोंद होणे आणि मालकांच्या संमतीने एखाददुसरे घर मूळ रूपात राखणे, हे त्यात येते. दुसरा स्तर अंगणे, पायवाटा व ओढा यांच्या जाळ्याचा असून वसाहतीचे खरे वैशिष्ट्य याच जाळ्यात आहे. तिसरा स्तर नियमांचा आहे. शेजाऱ्याशी भिंत सामाईक न करणे, उंचीला मर्यादा असणे आणि अंगणाकडे दार ठेवणे असे साधे नियम पाळले गेले, तर घरे बदलत राहूनही वसाहत ओळखता येईल. लहान भूखंड एकत्र करून उंच इमारती बांधण्याचा मार्ग स्वीकारला गेला, तर मात्र हे तिन्ही स्तर एकाच वेळी नष्ट होतील. नवी मुंबईतील सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासामुळे हा विषय केवळ सैद्धान्तिक राहिलेला नाही.

भेट

बेलापूर हे मुंबई उपनगरी रेल्वेच्या हार्बर मार्गावरील स्थानक आहे. तेथून रिक्षाने वसाहतीत जाता येते. न्हावा शेवा, उरण या बाजूने येणाऱ्यांसाठी जानेवारी २०२४ पासून बेलापूर–उरण रेल्वेमार्ग पूर्ण सुरू आहे. मुंबईहून रस्त्याने यायचे झाल्यास वाशीचा खाडीपूल किंवा शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू हे मार्ग आहेत.

ही राहती वसाहत आहे. तेथे संग्रहालय अथवा प्रवेशशुल्क नाही. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासासाठी येथे येतात. रस्त्यावरून थेट घरांकडे न जाता मोठ्या मोकळ्या जागेतून मधल्या अंगणात आणि तेथून सात घरांच्या लहान अंगणात असे गेल्यास आराखड्यातील पायऱ्या लक्षात येतात. पावसाळ्यात ओढ्याचे काम, तर संध्याकाळी अंगणांचा वापर पाहता येतो. घरांच्या दोन भिंतींमधील फट, कौलारू छपरांचे उरलेले नमुने आणि जोडीची शौचालये ही मूळ रचनेची चिन्हे आहेत. लहान अंगण सामाईक असले तरी ते त्या सात कुटुंबांचेच दार आहे. तेथे जाण्यापूर्वी व छायाचित्रे घेण्यापूर्वी रहिवाशांची परवानगी घेणे उचित ठरते.

हे सुद्धा पहा

चार्ल्स कोरिया
नवी मुंबई
सिडको
बेलापूर
न्हावा शेवा
बाळकृष्ण दोशी
ल कॉर्ब्युझिये